पट्टीची खालची बाजू

मोठ्या टाकीत पाणी भरलं की काच फुगते. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, की मी त्याला गंडवतेच आहे. काच कशी फुगेल, ती काय भाकरी आहे? पण फुगते. सहा फुटी टाकी रिकामी असताना पुढच्या काचेच्या वरच्या काठाला फूटपट्टी लावा, सरळ. पाणी भरा आणि परत लावा, मधोमध पोट आलेलं दिसेल. पाणी गप्प उभं असतं पण ढकलत असतं. म्हणून वरच्या काठांना आतून काचेच्या लांब पट्ट्या चिकटवायच्या, आणि बरोबर मध्ये, पुढच्या काचेकडून मागच्या काचेकडे जाणारी एक आडवी पट्टी टाकायची. ती दोन्ही काचांना धरून ठेवते. अख्ख्या टाकीत सगळ्यात कमी कौतुक तिचं. लोक मासे बघतात, दगड बघतात, लाइट बघतात. पट्टीकडे बघून फक्त एवढंच बोलतात, "ही मध्ये येते, नको ना टाकू."

हल्ली तर सगळ्यांना बिनपट्टीची टाकी हवी. मोबाइलवर फोटो दाखवतात. मी सांगते, जाड काच घ्या, टाकी लहान करा, मग देते बिनपट्टीची. सहा फुटी पाहिजे, काच पातळ पाहिजे आणि वर पट्टी नको, असं असेल तर आधी खालच्या मजल्यावरच्यांना विचारून या. हे मी तोंडावर बोलते. माझं तोंड असंच आहे, लहानपणापासून. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाहीच, वर धार आहे.

आमचा गाळा डोंबिवली पूर्वेला. मी आणि आमचे हे, दोघंच. काच कापायचं, कडा घासायचं काम त्यांचं. जोडांत सिलिकॉन भरायचं माझं. आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं तेही माझंच, कारण यांच्या तोंडून दिवसभरात चार वाक्यं निघाली तर डोक्यावरून पाणी. यांना राग आला की काचेच्या कडा परत घासत बसतात. डावखुरे आहेत. डाव्या हाताने काच कापताना बघून नवीन गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकतं, पण त्यांची काच कधी वाकडी तुटलेली मी बघितली नाही.

सिलिकॉनचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. जोडाच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप मारायची. मध्ये गनमधून माल सोडायचा. मग बोट साबणाच्या पाण्यात बुडवायचं आणि एका दमात, न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं. टेप लगेच काढायची. माल ओला असतो तोवरच सगळं. एकदा वर साय धरली की हात लावायचा नाही. आणि आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, सुकलेल्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन धरत नाही. चिकटल्यासारखं दिसतं, पण पाणी भरलं की दगा देतं. जुनी काच परत वापरायची असेल तर जुना माल ब्लेडने खरवडून, पुसून, काच कोरी करावी लागते. याला दुसरा इलाज नाही.

कुणाच्या घरी जाऊन जागेवर टाकी बांधली, तर शेवटचं बोट त्या घरच्या माणसाचं, ही पद्धत मी पाडलेली. घरातल्या कुणालातरी पुढे बोलवायचं आणि एक जोड त्याला ओढू द्यायचा. लोक खूश होतात. अर्थात तो जोड आम्ही निवडून द्यायचो. बाहेरच्या कोपऱ्यातला, नुसता दिसायचा, ज्याच्यावर पाण्याचा काही भार नाही. वाकडं झालं तरी कुणाचं काही बिघडत नाही. हे घरच्यांना आम्ही सांगत नसू.

माझा दादा कोलशेतला राहायचा. तिथल्या कंपनीतून रिटायर झाला. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, जिना एवढा अरुंद की कपाट वर न्यायचं तर चार शेजारी आणि चार शिव्या लागायच्या. वहिनीही तिकडेच एका पॅकिंगच्या कंपनीत होती. मशीनमध्ये तिचं उजव्या हाताचं पहिलं बोट सापडलं होतं. बोट वाचलं, पण टोकाला खाच राहिली, कायमची. त्या बोटाने ती कुंकू लावायची नाही, कारण आम्ही बौद्ध, आमच्यात तसं काही नव्हतंच, पण त्याच बोटाने ती पीठ मळताना खळगा करायची आणि प्रत्येक गोळ्यावर एक बारीक उंच रेघ उठायची. मी तिला चिडवायची, तुझ्या भाकरीवर कंपनीचा शिक्का असतो. ती मला मुद्दाम "वन्सं" म्हणायची, जुन्या बायकांसारखं, कारण मी त्याने चिडायची.

मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा वहिनीला टाकीचं वेड लागलं. साधं नाही, सहा फुटी. कुणीतरी हौस फिटल्यावर सोडून दिलेला एक ऑस्कर तिने आणला होता, काळा, अंगावर भगवे चट्टे, हातभर वाढणारा मासा. त्याला ती "पाव्हणा" म्हणायची. पाव्हणा बादलीतून डोकं वर काढून तिच्या हातातली कोलंबी खायचा. मी दादाला बोललेली, एवढी मोठी टाकी या जिन्याने येणार नाही. आमचे हे बोलले, "जागेवर बांधू." विषय संपला.

काचा एकेक करून वर नेल्या आणि त्यांच्या हॉलमध्येच टाकी उभी केली. ती परत बाहेर निघेल कशी, हे कुणाच्या मनातही आलं नाही. तेव्हा वाटायचं, बिल्डिंग आहे म्हणजे राहणारच. शेवटी आडवी पट्टी बसवायची वेळ आली आणि मी वहिनीला हाक मारली, ये, बोट लाव. तिला बाहेरचा कोपरा दाखवला. ती कोपऱ्याकडे बघून हसली.

"हा काय उपयोगाचा? हा तर नुसता दिसायचा आहे. मला पट्टीचा दे."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी कपाळाला आठी घातली. पण घरचीच बाई, त्यातून वहिनी. मी बोलली, दे रे गन. म्हणजे "रे" मनात, वरून "द्या हो." वहिनीने पदर खोचला, बोट पाण्यात बुडवलं, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांचा जोड ओढला. तसा बरा ओढलेला. मध्ये हात थोडा थरथरला आणि खाचेने एक बारीक उंच रेघ उमटली. मी टाळ्या वाजवल्या. दादा बोलला, "आता ही पट्टी तुझी. पडली तर तुझ्या नावाने बोंब." मग आम्ही दोघी आत भजी तळायला गेलो. आठवडाभर टाकी सुकत ठेवायची होती, त्यानंतर पाणी.

पाणी भरलं, पाव्हणा आत गेला, आणि बारा-तेरा वर्षं ती टाकी एक थेंब गळली नाही. वर लाकडी झाकण होतं. वहिनी रोज सकाळी ते उचलायची, ओल्या फडक्याने पट्टी पुसायची आणि पट्टीवर कोपर टेकवून पाव्हण्याला खाऊ घालायची. मी किती वेळा बोलली, अगं त्या पट्टीवर भार टाकू नकोस. ती म्हणायची, "तिला माझी सवय आहे."

आमच्याकडे काम वाढलं तेव्हा मी तिला बोलवलं होतं, ये की गाळ्यावर, दोन पैसे सुटतील, तुझा हात चांगला आहे. ती हसून म्हणाली, "नको गं बाई. माझं बोट तुमच्या कारखान्यात नापास झालंय." मला वाटलं मशीनवरचं बोलते, भीती बसली असेल. नंतरही दोन-तीनदा हेच बोलली, प्रत्येक वेळी हसून. मीही हसायची. का हसतेय ते मला कळत नव्हतं, तरी हसायची.

मग ती आजारी पडली. सिव्हिल, मग प्रायव्हेट, मग घर. पलंग हॉलमध्ये टाकीसमोर लावलेला. ती गेली तेव्हा पाव्हणा दोन दिवस कोपऱ्यात तोंड करून राहिला, असं दादा सांगतो. मासे असं करतात का ते मला माहीत नाही. पुण्यानुमोदनाला माणसं आली, भन्तेजी आले, वंदना झाली, आणि जेवणं उरकल्यावर दादाने झाकण उचललं, फडकं ओलं केलं आणि पट्टी पुसली. तेव्हापासून रोज तो पुसायचा.

गेल्या वर्षी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. सगळ्यांनी खाली करायची. दादाला बिल्डरने शीळफाट्याकडे नव्या टॉवरमध्ये भाड्याची जागा घेऊन दिली, अकराव्या मजल्यावर. दादाचा मला फोन. "बाय, बाकी सामान गेलं. टाकी कशी न्यायची?"

कशी न्यायची? कापूनच. जागेवर बांधलेली टाकी अख्खी बाहेर निघत नाही. जोड कापायचे, काचा सुट्या करायच्या, तिकडे नेऊन परत उभी करायची. पाव्हण्याला निळ्या ड्रममध्ये घातलं, हवेचा पंप लावला, आणि टेम्पोने पुढे पाठवलं. मग आम्ही दोघं ब्लेड घेऊन बसलो. आपणच भरलेले जोड आपणच कापायचे, हे काम मला आवडत नाही. प्रत्येक जोडाला मी काहीतरी बोलत होती. हे कापत होते.

पहिल्यांदा आडवी पट्टी काढायची. यांनी वरचा जोड ब्लेडने पूर्ण कापला, मध्ये बारीक तार घालून ओढली. पट्टी सुटेना. परत ओढली. हलेना. मी बोलली, तुम्ही काय सिमेंट घातलेलं का? हे थांबले, पट्टीच्या खाली हात घातला, बोटाने चाचपलं, आणि तसेच थांबले. खाली काहीतरी होतं. मी विचारलं, काय झालं? बोलले, "काही नाही. खालूनपण माल आहे." खालून ब्लेड घातलं तेव्हा कुठे पट्टी हातात आली. शेवाळ धरलेलं, क्षार चढलेले, काय दिसणार. दादा समोर उभा होता. त्याने ती माझ्या हातातून घेतली, वहिनीच्या सुती चादरीत गुंडाळली आणि स्वतःजवळ ठेवली. बाकीच्या काचा आम्ही डोंबिवलीला आणल्या. घरी येताना टेम्पोत यांनी एक शब्द काढला नाही. त्यात नवल काही नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही.

सगळ्या काचा मी खरवडून कोऱ्या केल्या, शीळफाट्याला नेल्या, आणि आम्ही टाकी परत उभी केली. राहिली फक्त आडवी पट्टी. तिच्याशिवाय पाणी भरता येत नाही. मी दादाला बोलली, दे ती पट्टी, साफ करून लावते.

"तिला खरवडायचं नाही," दादा बोलला.

मी समजावलं. जुन्या मालावर नवीन धरत नाही रे. दादा बोलला, मला माहितीये. बरं मग, नवीन पट्टी कापून आणते, ती तू आठवण म्हणून ठेव. "पट्टी काय कपाटात ठेवायला असते? ती धरून ठेवायला असते." मग मी म्हटलं, दोन लावू. नवीन पट्टी भार घेईल, आणि वहिनीची तिच्या शेजारी नुसती ठेवू, दिसायला. हे ऐकून दादाचा चेहराच बदलला. माझा दादा कधी माझ्यावर आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. पण बोलला, "शोभेला नको. तिला शोभेला नाही ठेवायची."

मग माझं डोकं फिरलं. मी बोलली, म्हणजे खरवडायची नाही, बदलायची नाही, ठेवायची पण नाही, आणि टाकी तर भरायची? तुला झालंय काय? तिथे ड्रममध्ये तो मासा बघ. पाव्हणा ड्रममध्ये धड वळू शकत नव्हता. शेपटी दुमडायची, अंगाला पांढरी साय आली होती, एक डोळा धुरकटला होता. कोलंबी पुढे केली तरी तोंड उघडत नव्हता. वहिनी असती तर तिने आम्हा सगळ्यांना फाडून खाल्लं असतं. दादाही ते बघत होता, रोज बघत होता, ड्रमजवळ खुर्ची टाकून. पण पट्टी देईना.

मी दर एक-दोन दिवसांनी फोन करायची आणि भांडायची. म्हातारपणी हट्टी झालास, म्हणायची. मेलेल्या माणसाच्या बोटापायी जिवंत मासा मारशील, असंही बोलून गेली. तोंडातून गेलेला शब्द, काय करणार. मग दादा बोलला, "तू ये. पट्टी घेऊन जा गाळ्यावर. उजेडात नीट बघ. खरवडू नकोस. आधी नीट बघ, मग मला फोन कर."

मी गेली, चादरीसकट पट्टी आणली. गाळ्यावर ट्यूबलाइटखाली टेबलावर ठेवली, व्हिनेगरने क्षार पुसले. वरची बाजू स्वच्छ झाली आणि मी बघतच राहिली. दोन्ही टोकांचा माल एकदम सरळ, गुळगुळीत. थरथर नाही. रेघ नाही. आणि जोड संपतो तिथे बोट उचलल्याची बारीक शेपटी उलट्या बाजूला. उजव्या हाताने ओढला असता तर ती दुसरीकडे आली असती. हा डाव्या हाताचा जोड होता. आमच्या घरात डावखुरं माणूस एकच.

हे मागे कडा घासत होते. मी पट्टी तशीच उचलून यांच्यासमोर धरली. काही विचारावं लागलं नाही.

"तुम्ही दोघी भजी तळत होतात," हे बोलले. "पुसून परत ओढला. मध्ये हात थरथरलेला, हवा राहिली असती. भाराचा जोड होता तो. सुटला असता तर काच अंगावर आली असती तिच्या."

"मला सांगायचं तरी."

"तू भांडली असतीस."

भांडली असती. शंभर टक्के. आणि तरी यांचं चूक होतं असं मला त्या क्षणीही ठामपणे म्हणता येईना, कारण हवा राहिलेला जोड मीही ठेवला नसता. मीही पुसला असता. फरक एवढाच, की मी तिच्यासमोर पुसला असता आणि तिला परत ओढायला लावला असता. हे मला आज वाटतं. तेव्हा भज्यांच्या घाईत काय केलं असतं, देव जाणे. आम्ही देव मानत नाही, पण असं बोलायची सवय आहे.

मग मी पट्टी उलटी केली.

खालच्या बाजूला शेवाळाचा थर होता. ओल्या फडक्याने पुसला. खाली माल होता, जाड, ओबडधोबड, टेप न मारता घातलेला, कडेने पसरलेला. दोन्ही टोकांना. आणि त्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बारीक उंच रेघ. भाकरीच्या गोळ्यावर असायची तीच.

मी स्टुलावर बसली. हे बाजूला येऊन उभे राहिले, त्यांनी बघितलं, आणि चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. त्या दिवशी कोलशेतला खालून चाचपलं तेव्हाच त्यांना कळलं असणार.

दादाला फोन केला नाही. सरळ शीळफाट्याला गेली. दादा ड्रमजवळच बसला होता. मी पट्टी त्याच्या मांडीवर ठेवली, खालची बाजू वर करून, आणि खाली फरशीवर बसली.

"बघितलंस?" तो बोलला.

"बघितलं."

मग त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी उठली आणि आधी टाकीजवळ गेली, आपला जोड बघायला. बघून आली आणि चहा ठेवला. चहा पिताना बोलली, भाऊजींनी माझं पुसलं. दादा बोलला, विचारू का त्यांना? ती बोलली, नको. त्यांना वाईट वाटेल, आणि वन्संना कळलं तर त्या घर डोक्यावर घेतील, नवरा-बायकोत उगाच महिनाभर अबोला. तुम्ही मला नाक्यावरच्या हार्डवेअरमधून तेच सिलिकॉन आणून द्या. दादाने आणून दिलं. टाकी अजून सुकत होती, रिकामी. वहिनीने खाली गोधडी अंथरली, साडी वर खोचली, टाकीत उतरली, गुडघे पोटाशी घेऊन पट्टीखाली आडवी झाली आणि खालून माल भरून बोट ओढलं. बाहेर आली तेव्हा केसांना सिलिकॉन लागलेलं. ते कात्रीने कापावं लागलं. हसत होती, दादा म्हणाला. बोलली, आता पडली तर खरंच माझ्या नावाने बोंब. आणि कुणाला सांगायचं नाही, अशी त्याला शपथ घातली.

"म्हणून मला सांगता येत नव्हतं," दादा बोलला. "ते तसंच ठेवावं असं माझं नव्हतं गं. मला कळतं ते. माझं एवढंच होतं की तू न बघता खरवडू नयेस."

एवढ्या वर्षांत त्या बाईने मला तीन-चारदा हसत हसत सांगितलं, माझं बोट नापास झालंय, आणि मी एकदाही विचारलं नाही की कुठल्या परीक्षेत. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं का? नसतं सांगितलं. माझ्या तोंडाला भ्याली ती. सगळं जग माझ्या तोंडाला भितं याचा मला केवढा अभिमान होता. कुणी फसवत नाही, कुणी उगाच बोलत नाही. त्याच तोंडामुळे माझ्या घरच्या बाईने तिची एवढीशी गोष्ट माझ्यापासून लपवली, आणि आता ती ऐकायला मी तयार आहे तर सांगायला ती नाही. हे मला फार लागलं. अजून लागतं.

ड्रममध्ये पाव्हण्याने कूस बदलायचा प्रयत्न केला आणि पाणी हिंदकळलं.

"खरवड आता," दादा बोलला.

मी तिथेच खरवडलं, त्याच्यासमोर. वरचा यांचा माल तुकड्या-तुकड्यांत निघाला. खालचा जाड होता म्हणून एका ओढीत सोलून आला, दोन्ही टोकांचा, रेघेसकट. ते दोन तुकडे दादाने हातात घेतले, अंगठ्याने रेघ चाचपली आणि शर्टाच्या खिशात टाकले. मी काच स्पिरिटने पुसली. कोरी झाली. आता ती इतर कुठल्याही पट्टीसारखी होती.

दुसऱ्या दिवशी हे आले. पट्टी बसवली, वरचा जोड मी ओढला. हे बाजूला उभे होते, हात मागे बांधून. मग ते बोलले, "खालूनपण भरू." आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही, गरज नसते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. मी चप्पल काढली. दादाने आतून चादर आणून टाकीच्या तळाला अंथरली, तीच, सुती. या वयात आणि या अंगाने मी त्या टाकीत कशी उतरली ते माझं मला माहीत. गुडघे पोटाशी घेतले, आडवी झाली, पट्टी माझ्या तोंडावर आली.

तिथून सगळं दिसतं. काचेतून खोली दिसते, बाहेरची माणसं दिसतात, त्यांचे पाय, त्यांची बोटं. तिला कोलशेतचा हॉल दिसला असेल, आदल्या दिवशी मी जिथे उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या ती जागा. मी माल भरला. बोट पाण्यात बुडवलं. माझ्या बोटाला खाच नाही, रेघ येणार नव्हती.

"झालं का गं?" बाहेरून दादाने विचारलं.

मला रडायला आलेलं. पण माल ओला होता. आधी बोट ओढलं.